नैसर्गिक वायू आणि आपली एस. टी.

रात्री आठच्या सुमारास साताऱ्याच्या, पाटणच्या किंवा जतच्या आगारात जाऊन घटकाभर उभे राहिले, म्हणजे एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. दिवसभराची धावपळ आटोपून गाड्या आत येत असतात आणि त्याच वेळी दोन-चार गाड्या मात्र बाहेर पडत असतात. त्यांच्या पाटीवर एखाद्या आडगावाचे नाव असते. चालक-वाहकांनी वळकटी बरोबर घेतलेली असते. ही मुक्कामाची गाडी. ती रात्री गावच्या चावडीपाशी किंवा देवळापुढे झोपते आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुले, दवाखान्यास निघालेले वृद्ध आणि तालुक्याच्या कचेरीत काम असलेले शेतकरी यांना घेऊन परत येते. नैसर्गिक वायूवर सार्वजनिक वाहने चालवावीत काय, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी चर्चिला जातो. परंतु तो बहुधा शहराच्या दृष्टीने चर्चिला जातो. आम्ही आज तो या मुक्कामाच्या गाडीच्या दृष्टीने पाहावयाचे ठरविले आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता तरी प्रश्नाचा खरा कस तेथेच लागतो, असे आमचे मत आहे.

वायूवर मोटार चालविणे ही काही आजची कल्पना नव्हे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा दिव्यांसाठी तयार होणारा कोळशाचा वायू मोठमोठ्या पिशव्यांत भरून त्या पिशव्या गाडीच्या टपावर बांधीत आणि गाडी हाकीत. इटलीत पो नदीच्या खोऱ्यात जमिनीतून निघणारा वायू १९३० नंतरच्या दशकातच मोटारींना पुरविला जाऊ लागला होता. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि गाडीच्या पाठीमागे लोखंडी भट्टी बसवून लोणारी कोळशाच्या वायूवर मोटारी चालू लागल्या. सकाळी गाडी सुटण्यापूर्वी भट्टी पेटवून ती धगधगेपर्यंत वाट पाहावी लागे. सपाटीवर गाडी बरी चाले. पण चढ आला की तिचा दम तुटे आणि उतारूंना खाली उतरावे लागे, असे जुनी मंडळी सांगत. याचे कारण असे की त्या वायूत निम्मा भाग हवेतील नायट्रोजन असे. तो मुळीच जळत नाही, म्हणून त्या वायूच्या अंगी उष्णता थोडी. नैसर्गिक वायूत तेवढ्याच आकारमानात त्याच्या सातपट उष्णता असते. तेव्हा कोळशाच्या गाडीची आठवण काढून आजच्या वायूला नावे ठेवणे बरोबर होणार नाही.

हा नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक भाग कार्बन आणि चार भाग हायड्रोजन, असा त्याचा रेणू अगदी साधा आहे. तो जमिनीच्या किंवा समुद्राच्या तळाखाली खनिज तेलाच्या सोबतीने सापडतो. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली तेलाचा शोध लागला आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या तेलाबरोबर हा वायूही किनाऱ्यास आला. परंतु मिथेन केवळ पाताळातच असतो असे नाही. शेण, मैला, पालापाचोळा ही हवाबंद जागी कुजली म्हणजेही तोच वायू तयार होतो. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू काढून त्यावर दिवे लावले होते. ज्यांच्या परसात पूर्वी गोबरगॅसची टाकी होती, त्यांना या वायूची निराळी ओळख करून द्यावयास नकोच. ही गोष्ट येथे मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता इंजिनाकडे वळू. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. आतील हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तीत डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. मिथेन असा सहज पेटत नाही. त्याला सुमारे ५४० अंश सेल्सिअस उष्णता लागते, तर डिझेल अडीचशे अंशांच्या आतबाहेरच पेटते. म्हणून वायूच्या इंजिनाला पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे ठिणगी द्यावी लागते आणि हवेचा दाबही डिझेलपेक्षा कमी ठेवावा लागतो. याचा परिणाम असा की एक किलो वायूत सव्वा लिटर डिझेलहून अधिक उष्णता असूनही गाडी एका किलोवर जवळजवळ तेवढेच अंतर जाते, जेवढे ती एका लिटर डिझेलवर जाईल. इंजिन कमी काटकसरी, पण इंधन अधिक कसदार. दोन्ही मिळून हिशेब बरोबरीवर येतो. राहिला धुराचा प्रश्न. डिझेलचा जो काळा धूर पाठीमागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या तोंडावर बसतो, तो वायूच्या गाडीस जवळजवळ नसतोच. इंजिनाचा खडखडाटही कमी होतो.

खरी अडचण इंजिनात नसून टाकीत आहे. डिझेल ही ओतण्याची वस्तू. दोनशे लिटरची टाकी भरली आणि लिटरला पावणेपाच किलोमीटर धरले, तर गाडी साडेनऊशे किलोमीटर जाते. म्हणजे तीन दिवसांची निश्चिंती. वायू मात्र हलका. तो हवेच्या दाबाच्या दोनशेपट दाबाने पोलादी नळकांड्यांत कोंडला, तरी एका लिटर जागेत जेमतेम १७० ग्रॅम मावतो. सातशे लिटरची नळकांडी बसविली, तर सुमारे १२० किलो वायू राहील. किलोला चार किलोमीटर धरा. अंतर झाले ४८०. शिवाय नुसत्या पोलादाचेच वजन सातशे किलोंच्या घरात जाते, म्हणजे दहा उतारूंचे वजन गाडी रिकामीच वाहत राहते. पसरणीचा घाट चढून पाचगणीस जाणाऱ्या किंवा कुंभार्ली घाटाने कोकणात उतरून पुन्हा वर येणाऱ्या गाडीला हे ओझे जाणवल्यावाचून राहत नाही.

यावर एक उपाय म्हणजे वायू अतिशय थंड करून त्याचा द्रव करणे. उणे १६२ अंशांवर मिथेनचा द्रव होतो आणि तो सहाशेपट कमी जागेत मावतो. मग टाकी लहान होते आणि पल्ला डिझेलच्या जवळ जातो. ही टाकी म्हणजे एक मोठा थर्मासच समजावा. दुहेरी भिंत, मध्ये निर्वात पोकळी. परंतु थर्मासातला चहा जसा कालांतराने निवतो, तसा हा द्रव हळूहळू तापून त्याची वाफ होते. रोज धावणाऱ्या गाडीला त्याची बाधा नाही. चार-आठ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीतून मात्र वायू सोडून द्यावा लागतो. म्हणून हा द्रव लांब पल्ल्याच्या, सतत चालणाऱ्या गाड्यांस अधिक सोयीचा. एस. टी. महामंडळाच्या पाच हजार डिझेल गाड्या द्रवरूप वायूवर चालविण्याचा करार २०२४ मध्ये जाहीर झाला. पण करार होणे आणि फलाटावर गाडी लागणे यांत किती अंतर असते, हे एस. टी.च्या उतारूंना आम्ही सांगावयास नको.

भीतीबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण 'गाडीच्या टपावर किंवा पोटाखाली बाँबच बांधलेला' अशी पुष्कळांची समजूत असते. वायू गळला तर तो हवेहून हलका असल्यामुळे वर निघून जातो. पेट्रोलची वाफ अथवा स्वयंपाकाचा गॅस जमिनीसरशी साचतो, तसा हा साचत नाही. हवेत त्याचे प्रमाण शेकडा पाच ते पंधरा यांच्या दरम्यान असेल तरच तो पेट घेतो. म्हणजे उघड्यावर धोका कमी. बंद छपराखाली मात्र तो वर आढ्याशी कोंडला जातो. म्हणून ज्या कार्यशाळेत अशा गाड्या दुरुस्त होतात, तिच्या छपराला झरोके असलेच पाहिजेत. नळकांड्यांची ठरलेल्या मुदतीने पाण्याच्या दाबाखाली परीक्षा झालीच पाहिजे. धोका वायूच्या स्वभावात थोडा आणि निष्काळजीपणात फार आहे.

मोठ्या शहरांनी हा मार्ग केव्हाच धरला. मुंबईत १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी निघाली आणि पुढे बेस्टच्या गाड्या वायूवर धावू लागल्या. दिल्लीत हवा इतकी बिघडली की सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी शहरातील सर्व बसगाड्या वायूवर चालविण्याचा आदेश दिला. मुदती टळल्या, पंपांपुढे मैलमैल रांगा लागल्या, दंड झाले. परंतु २००२ अखेर ते काम पुरे झाले. या शहरांस यश आले याचे कारण नीट ध्यानात घ्यावे. शहरची बस दिवसभर फिरून रात्री आपल्याच आगारात झोपते. तेथे नळाने वायू आलेला असतो, दाबयंत्र बसविलेले असते आणि रात्रीच्या निवांत वेळी एकामागून एक गाड्या भरता येतात. आपली मुक्कामाची गाडी रात्री आगारात नसते! ती असते कोयनेच्या खोऱ्यातल्या एखाद्या वाडीत, नाहीतर जत तालुक्यातल्या माळावर. तिचे नळकांडे भरावयाचे तर ते दिवसा, दोन खेपांच्या मधल्या वेळातच भरले पाहिजे. शहराचा नमुना जसाच्या तसा येथे उचलून चालणार नाही, तो यासाठी.

आता आपल्या दोन जिल्ह्यांची स्थिती पाहा. घरोघरी आणि वाहनांस वायू पुरविण्यासाठी केंद्रीय नियामक मंडळाने देशाचे जे विभाग पाडले, त्यांत सातारा आणि सांगली हे मिळून एकच क्षेत्र धरले आहे. २०१८ च्या नवव्या फेरीत हे क्षेत्र भारत पेट्रोलियमच्या भारत गॅस रिसोर्सेस या कंपनीकडे गेले. ती कंपनी २०२२ मध्ये मूळ संस्थेत विलीन झाली. त्यानंतर महामार्गावर आणि शहरांतून वायूचे पंप दिसू लागले आणि रिक्षावाल्यांनी ते तत्परतेने जवळ केले.

पंपावरील रांगेचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या पंपापर्यंत नळ आला आहे, तेथे दाबयंत्र सतत वायू दाबीत असते. नळ आला नसेल, तर दुसरीकडे भरलेल्या नळकांड्यांची चळत मालमोटारीवरून आणतात आणि तीतून गाड्या भरतात. पहिल्या काही गाड्या भराभर भरतात. मग चळतीतला दाब उतरत जातो आणि पुढच्यांच्या टाक्या अर्ध्यामुर्ध्याच भरतात. रिक्षावाल्यास अर्धी टाकी परवडते. तो संध्याकाळी पुन्हा येईल. एस. टी.ला ते परवडत नाही. शंभर किलो वायू घेणारी एक बस अशा रांगेत शिरली तर मागच्या पंधरा-वीस रिक्षांचा वायू तिनेच घेतला, असे व्हायचे. आणि तासभर रांगेत उभी राहिली तर तिची दुपारची खेप बुडावयाची. खेप बुडणे म्हणजे काय, हे दहावीचा पेपर द्यावयास निघालेल्या मुलीस विचारावे.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा. ४८० किलोमीटरचा पल्ला मुक्कामाच्या गाडीस कमी नाही; तिची दिवसाची चाल तीनशेच्या आसपास असते. तिला हवा आहे तो स्वतःच्या आगारातला पंप, नळाने आलेला वायू आणि पंधरा-वीस मिनिटांत टाकी भरून देणारे दाबयंत्र. डिझेलचा पंप जसा आगारात असतो, तसाच हाही असला पाहिजे. आगारात पंप नसताना केवळ गाड्या बदलून टाकणे म्हणजे विहिरीचा पत्ता नसताना मोट विकत घेणे होय.

दुसरा प्रश्न वायू कोठून यावयाचा, हा. आपला देश लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा परदेशांतून आणतो. तो द्रवरूपाने जहाजांतून येतो; आपल्या कोकणात दाभोळला असे एक बंदर आहे आणि तेथून बंगळूरपर्यंत नळही गेला आहे. परंतु परदेशचा माल म्हणजे परदेशचा भाव. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, युरोपने मिळेल त्या किमतीस वायू उचलला आणि त्याची झळ आपल्याकडच्या पंपांवरच्या दरांपर्यंत येऊन पोहोचली. डिझेलपासून सुटका व्हावी म्हणून वायूकडे जावे, आणि तेथेही समुद्रापलीकडच्या भांडणाने आपल्या तिकिटाचा दर ठरावा, हे फारसे समाधानकारक नाही. सवलतीच्या पासावर प्रवास करणारे विद्यार्थी, १७ मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात जाणाऱ्या स्त्रिया, विनामूल्य प्रवास करणारे ७५ वर्षांवरील वृद्ध या सर्वांचा भार वाहणाऱ्या गाडीला इंधनाच्या भावाचे असे हेलकावे सोसत नाहीत. आणि तोटा सोसेना झाला म्हणजे प्रथम बंद होते ती आडगावची फेरी, पुण्या-मुंबईची नव्हे.

येथे मघाच्या गोबरगॅसची आठवण करावी. कृष्णा-वारणेच्या काठी आपण साखर कारखान्यांच्या धुराड्यांत राहतो. उसाचा रस स्वच्छ करताना जो काळपट, ओलसर गाळ मागे राहतो, त्यास प्रेसमड म्हणतात. उसाच्या वजनाच्या शेकडा साडेतीन भाग तो निघतो. हा गाळ मोठ्या बंद टाक्यांत कुजविला म्हणजे गोबरगॅसच तयार होतो. त्यातील कार्बन डायऑक्साइड आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड काढून टाकला की जो उरतो तो शेकडा नव्वदहून अधिक शुद्ध मिथेन. समुद्रातून आलेल्या वायूचा सख्खा भाऊ. तोच पंप, तेच नळकांडे, तेच इंजिन त्यास चालते. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ रोजी 'सतत' या नावाची योजना काढून असा वायू तेल कंपन्यांनी विकत घ्यावा अशी व्यवस्था केली. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, वारणेच्या परिसरात कोडोलीस प्रेसमडपासून असा वायू काढलाही गेला आहे.

हिशेब सोपा आहे. एखाद्या कारखान्याने हंगामात दहा लाख टन ऊस गाळला, तर ३५ हजार टन प्रेसमड निघेल. पंचवीस टनांस एक टन वायू धरला, तर १,४०० टन वायू होईल. दिवसास तीनशे किलोमीटर चालणाऱ्या बसला वर्षास सुमारे २७ टन लागतो. म्हणजे एका मोठ्या कारखान्याच्या गाळावर पन्नास गाड्या वर्षभर चालतील. पन्नास गाड्या म्हणजे एखादे तालुक्याचे आगार! एवढे गाळप करणारे कारखाने या दोन जिल्ह्यांत आहेत.

तथापि कागदावरचा हिशेब आणि कारखान्याच्या आवारातला हिशेब एक नसतो, म्हणून अडचणीही सांगितल्या पाहिजेत. हंगाम पाच महिन्यांचा आणि एस. टी. बारा महिन्यांची. गाळ साठवून ठेवला तर तो उघड्यावर कुजून त्यातला वायू हवेत जातो. म्हणून झाकून साठवण्याची सोय हवी, अथवा पावसाळ्यात शेण आणि गावचा ओला कचरा यांची जोड हवी. दुसरे असे की प्रेसमड आज वाया जात नाही. शेतकरी ते खत म्हणून नेतो. त्याचा हा हक्क हिरावला जाता कामा नये. वायू काढल्यावर जी मळी उरते, तीत नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये बहुतेक सारी शिल्लक राहतात, कमी होतो तो काही कार्बन. ती मळी सभासदाच्या शेतावर परत गेली तरच हा व्यवहार न्याय्य ठरेल. तिसरे म्हणजे गळती. मिथेन हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो पृथ्वी तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट प्रबळ आहे. टाकी, नळ आणि नळकांडे यांतून तो गळत राहिला, तर धूर कमी केल्याचे पुण्य तेथेच खर्ची पडेल.

कोणी विचारील, आता विजेच्या गाड्या आल्या आहेत, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न योग्य आहे. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेली; त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेची 'शिवाई' धावली. शहरात आणि मोठ्या रस्त्यावर पुढचा काळ विजेचा असू शकेल. पण विजेच्या गाडीची किंमत डिझेलच्या गाडीहून कितीतरी अधिक आहे, आणि मुक्कामाच्या गावी तिला रात्री वीज पाजावयाची तर तेथे तेवढा भरवशाचा पुरवठा लागेल. चालू डिझेल गाडीच्या इंजिनात फेरफार करून ती वायूवर चालविता येते. महामंडळाने तसे प्रयोग केलेही आहेत. म्हणून वायू आणि वीज ही परस्परांची वैरी न मानता, ज्या मार्गास जे सोसेल ते द्यावे, हे शहाणपणाचे होय.

आम्ही काही महामंडळाचे सल्लागार नव्हे, आपणही नव्हे. पण ज्याच्या गावची गाडी जाते-येते त्याला विचारण्याचा अधिकार निश्चित आहे. आपल्या आगारात वायूच्या गाड्या येणार असे कळले, तर तीन गोष्टी विचाराव्यात: पंप आगारात होणार की आगाराबाहेर? नळाने वायू येणार की चळतीने? घाटाच्या मार्गांवर भरल्या गाडीनिशी परीक्षा झाली आहे काय? आणि जे साखर कारखान्याचे सभासद असतील, त्यांनी वार्षिक सभेत चौथी गोष्ट विचारावी: आपल्या प्रेसमडचे काय होते, त्याचा वायू काढला तर तो कोणास विकला जाईल, आणि मळी आपल्या शेतात परत येईल काय? वायूचा भाव काही वर्षांकरिता बांधून घेऊन कारखाना आणि आगार यांचा सरळ करार झाला, तर युद्ध कोठेही होवो, तालुक्याची गाडी चालू राहील.

या बदलाची सुरुवात कोठून करावी, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. सातारा, उंब्रज, कराड, पेठनाका, आष्टा, सांगली या सरळ रस्त्यावरच्या गाड्या प्रथम वायूवर न्याव्यात. तेथे पंप जवळ आणि चढ थोडे. चूक झाली तर दुसरी गाडी अर्ध्या तासात मिळते. मुक्कामाच्या गाडीला शेवटी हात लावावा. तिच्या गावाला दुसरी गाडी नसते. सर्व व्यवस्था वर्षभर सुरळीत चालली, पावसाळ्यातही वायू कमी पडला नाही, असे दिसून आल्यावरच तिचे डिझेल काढावे. तोपर्यंत पहाटे साडेपाचला देवळापुढे तिचे इंजिन सुरू झाल्याचा जो आवाज गाव ऐकत असते, तो डिझेलचा असला तरी चालेल, पण तो एक दिवसही चुकता कामा नये.